सही कुठं झाली ते आधी बघा

प्रश्न असा आहे: "अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सरकारनं आयर्लंड आणि जर्मनीतून पैसे देऊन माणसं आणली, म्हणजे ती भाडोत्री फौजच होती, असं वाचलं. कितपत खरं? आणि अमुक एक सैनिक तसा आणलेला होता की नव्हता हे कागदांवरून कळतं का?"

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे उत्तर कुठल्या बाजूनं येतंय ते कळेल. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. सव्वीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं माणसं साइन-ऑन साइन-ऑफ करण्यात, म्हंजे आर्टिकल्सवर (बोटीवरच्या नोकरीच्या करारावर) सह्या घेणं, शिपिंग मास्टर या सरकारी अधिकाऱ्याकडे खेपा मारणं, कोणाचा सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, संपलाय ते बघणं. बोटीवरून उतरल्यावर जुन्या जहाजांच्या क्रू लिस्ट वाचायचा नाद लागला आणि त्यातून या युद्धात शिरलो ते आजतागायत बाहेर आलो नाही. त्यामुळे मला सगळ्यात आधी दिसते ती सही. माणूस कुठं उभा असताना, कुठल्या कागदावर, काय सांगून त्याची सही घेतली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं माझं मत.

थोडक्यात हवं असेल तर: नाही, उत्तरेच्या (म्हणजे लिंकनच्या सरकारच्या; दक्षिण म्हणजे त्यातून फुटून निघालेली गुलामगिरीची राज्यं) फौजेतले बहुतेक परदेशी सैनिक परदेशातून भरती करून आणलेले नव्हते. पण "सरकारनं परदेशात भरती केलीच नाही" हे सरकारचं म्हणणंही जसंच्या तसं गिळू नका. सरकारनं भरती केली नाही, सरकारनं फक्त भाव काढला. बाकीचं दलालांनी केलं.

आता आकडे बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत परदेशात जन्मलेले लोक होते सुमारे ४१ लाख, आणि त्यातले फार मोठ्या संख्येनं उत्तरेत. युद्धानंतर १८६९ मध्ये बी. ए. गूल्ड यांनी सॅनिटरी कमिशन या उत्तरेच्या सैनिकांची देखभाल करणाऱ्या संस्थेसाठी हिशोब मांडला त्यात उत्तरेच्या सुमारे २० लाख सैनिकांपैकी जवळपास ५ लाख परदेशात जन्मलेले निघाले, जर्मन सुमारे १,७७,०००, आयरिश सुमारे १,४४,०००, बाकी इंग्रज, कॅनडातले, इतर. म्हणजे चारातला एक. हा "चारातला एक" आकडा लोक उचलतात आणि सरळ "चारातला एक भाडोत्री" असं करून टाकतात. अहो, त्यातले कितीतरी आयरिश १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आलेले, जर्मन १८४८ ची क्रांती फसल्यावर आलेले, त्यांची घरं दुकानं चर्च सगळं न्यूयॉर्क, सिनसिनाटी, सेंट लुईसला उभं राहून दहा-पंधरा वर्षं झालेली. उद्या लालबागेत वाढलेल्या माणसाचा जन्म सावंतवाडीचा म्हणून त्याला कोणी बाहेरून आणलेला म्हणेल का? जन्म कुठं झाला तो रकाना वेगळा, भरती कुठं झाली तो वेगळा.

मग परदेशातून खरंच आलेले कोण? इथं कायदा समजून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये १८१९ चा फॉरिन एनलिस्टमेंट अ‍ॅक्ट होता. ब्रिटिश प्रजाजनानं परवानगीशिवाय परक्या फौजेत जायचं नाही आणि ब्रिटिश भूमीवर परक्या फौजेसाठी कोणी भरती करायची नाही, दोन्ही गुन्हे. १३ मे १८६१ ला राणीनं तटस्थता जाहीर केली तेव्हा हाच कायदा पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवला. आयर्लंड तेव्हा ब्रिटनमध्येच, त्यामुळे डब्लिनमध्ये टेबल टाकून "या, फौजेत या" म्हणायची सोय नाही. पण एखादा माणूस कामधंद्यासाठी अमेरिकेला निघाला, तिथं उतरला, आणि तिथं गेल्यावर त्यानं फौजेत नाव घातलं, तर? किनाऱ्यावरून सुटणाऱ्या हजारोंना अडवायचं कुठल्या कलमाखाली? त्यानं इथं कुठं सही केलीय? म्हणजे सगळा खेळ सही काही मैल पुढं ढकलायचा. हे मी गंमतीनं म्हणत नाहीये, पुढची प्रत्येक भानगड बघा, हाच खेळ आहे.

सुरवातीला ढकलायचीही गरज नव्हती. १८६१ मध्ये युरोपातल्या अमेरिकन वकिलातींच्या दारात लोक आपणहून यायला लागले, नोकरी गेलेले अधिकारी, क्रांतीतले जुने लढवय्ये, तिकिटाचे पैसे कोणी देईल का विचारणारे, इतके की ही भरती कचेरी नव्हे असं त्यांना सांगून परत पाठवावं लागत होतं. त्याच उन्हाळ्यात लिंकनचे परराष्ट्रमंत्री सीवर्डसाहेब यांच्या खात्यानं इटलीच्या एकीकरणाचा सेनानी खुद्द गॅरिबाल्डी याला गळ घातली. अँटवर्पच्या अमेरिकन कॉन्सलनं आधी पत्र टाकलं, मग बेल्जियममधले अमेरिकेचे राजदूत हेन्री सॅनफर्ड सप्टेंबर १८६१ मध्ये काप्रेरा बेटावर त्याच्या घरी जाऊन मेजर जनरलचं पद द्यायला तयार झाले. गॅरिबाल्डीनं दोन गोष्टी मागितल्या, सगळ्या फौजेचं नेतृत्व आणि गुलामगिरी रद्द करायचा अधिकार. लिंकन सरकार तेव्हा दोन्ही द्यायच्या स्थितीत नव्हतं, बोलणी तिथंच थांबली. (गॅरिबाल्डीचं नाव मात्र न्यूयॉर्कच्या ३९ व्या पलटणीनं आधीच घेतलं होतं, त्या पलटणीत इटालियन, हंगेरियन, जर्मन, फ्रेंच, कोण नव्हतं ते विचारा.)

खरी गोष्ट १८६२ पासून. माणसं मरत होती, पळत होती, उत्साह ओसरला होता. २० मे १८६२ ला होमस्टेड कायदा झाला, १६० एकर जमीन, नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही. जुलैमध्ये आणखी एक तरतूद आली, फौजेतून सन्मानानं सुटलेल्या परदेशी माणसाला एक वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व. आणि ८ ऑगस्ट १८६२ ला सीवर्डनी युरोपातल्या वकिलातींना १९ नंबरचं परिपत्रक पाठवलं. हे परिपत्रक मी कित्येकदा वाचलंय आणि दर वेळी त्या मसुदा करणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडतो. त्यात फौजेचं नाव नाही. शेतात, कारखान्यात, खाणीत मजुरांची तंगी आहे, मजुरी कधी नव्हती इतकी चांगली आहे, या, एवढंच. पॅरिसमधले कॉन्सल जॉन बिगेलो यांनी ते फ्रेंच वर्तमानपत्रांतून पसरवलं आणि पुढं म्हातारपणी आठवणी लिहिताना त्यांनी मोकळेपणानं म्हटलं की चार वर्षं आमची फौज गोळ्यांनी, रोगांनी आणि पळून जाण्यानं रिकामी होत होती आणि तरी पुन्हा भरत होती, त्या गूढावर हा कागद प्रकाश टाकतो. आणखी काय कबुली पाहिजे?

आकडेही तेच बोलतात. १८६२ मध्ये अमेरिकेत उतरलेले स्थलांतरित सुमारे ९२,०००, १८६३ मध्ये १,७६,०००, १८६४ मध्ये १,९३,०००. भर युद्धात दुप्पट! अर्थात हे सगळे फौजेत गेले असं मुळीच नाही, बायकापोरं होती, म्हातारे होते, आणि आयर्लंडमध्ये १८६० पासून ओळीनं दोनतीन वर्षं पीक बुडालेलं, त्यामुळे माणसं तशीही निघालीच असती. पण त्यातला तरणा पुरुष बोटीतून उतरला की त्याच्यासमोर काय वाढून ठेवलेलं असायचं ते बघा.

३ मार्च १८६३ ला एनरोलमेंट कायदा आला, म्हणजे सक्तीची भरती, ड्राफ्ट. प्रत्येक जिल्ह्याला कोटा. कोटा स्वखुशीच्या लोकांनी भरला तर ड्राफ्ट नाही, नाही भरला तर चिठ्ठ्या टाकणार. चिठ्ठी निघाली तरी दोन वाटा होत्या, ३०० डॉलर भरून सुटायचं किंवा आपल्या जागी बदली द्यायचा. आपल्याकडे गिरण्यांत बदली कामगार असायचे ना, तसाच बदली सैनिक. गरिबाला ३०० डॉलर म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई, म्हणून जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्क चार दिवस पेटलं आणि त्या दंगलीत आयरिश लोकच पुढं होते, त्यांनी कृष्णवर्णीयांना भर रस्त्यात मारलं, हेही लक्षात ठेवायला हवं, आयरिश माणूस या गोष्टीत नुसता बिचारा नाहीये. पुढं जुलै १८६४ मध्ये बहुतेकांसाठी पैसे भरून सुटायची वाट बंद केली आणि बदलीचा भाव चढला. सगळे ड्राफ्ट मिळून सुमारे ७,७७,००० नावं निघाली, त्यातले स्वतः जाऊन उभे राहिलेले फक्त ४६,००० च्या आसपास, आणि बदली दिलेले सुमारे ७३,६००. हा ७३,६०० चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात भर घाला गावोगावच्या बाउंटीची, म्हणजे फौजेत नाव घालणाऱ्याला मिळणाऱ्या रोख रकमेची. केंद्राची बाउंटी नव्या रंगरुटाला ३०० डॉलरपर्यंत, वर राज्याची, वर गावाची, कारण गावाला चिठ्ठ्या नको होत्या आणि कोणाचंही डोकं कोट्यात धरलं जायचं. साध्या शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर (जून १८६४ पासून १६), आणि नुसतं नाव घालायचे काही ठिकाणी पाचसहाशे किंवा त्याहून जास्त. एवढी रक्कम एका डोक्यावर लटकलेली असली की ते डोकं शोधून आणणारा दलाल जन्माला येतोच, त्याला सरकारनं पाठवावं लागत नाही.

न्यूयॉर्कला कॅसल गार्डन म्हणून गोल इमारत होती, १८५५ पासून सगळे स्थलांतरित तिथंच उतरायचे. बाहेर आल्या आल्या बॅटरी नावाच्या मैदानात भरतीवाल्यांचे तंबू. आमच्या कोकणातल्या पोरांनी मुंबई सेंट्रलला उतरल्यावर बॅगेला हात घालणारे जसे बघितलेत तसंच, फक्त इथं हातात डॉलर आणि जर्मन-इंग्रजी दोन्ही बोलणारा दुभाषा. बाउंटीतलं किती त्या माणसाला मिळालं आणि किती दलालानं कापलं याचे हिशोब वाचून संताप येतो. दुसऱ्या बाजूला असे पठ्ठेही होते की जे बाउंटी घ्यायचे, पळायचे, दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं पुन्हा घ्यायचे. कॅनडाच्या सरहद्दीवर तर दोन्ही धंदे जोरात, दारू पाजून शुद्ध नसलेल्याला पलीकडे नेऊन सही घेतल्याच्या तक्रारी ब्रिटिश दप्तरात पडल्यात, कॅनडातल्या ब्रिटिश पलटणींतले गोरे शिपाईसुद्धा फितवून नेले.

आता समुद्रावर येतो, तिथं माझा हात जास्त चालतो.

नोव्हेंबर १८६३. उत्तरेची युद्धनौका कीअरसार्ज, कप्तान जॉन विन्स्लो, आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात (आजचं कोव्ह, टायटॅनिक जिथं शेवटची थांबली तेच). माणसं कमी होती. बंदर सोडताना बोटीवर १६ आयरिश तरुण जास्तीचे. बोट फ्रान्समधल्या ब्रेस्टला गेली, इकडे बोंबाबोंब झाली, डिसेंबरमध्ये विन्स्लोनी परत येऊन त्यांना उतरवलं आणि म्हणाले की आम्हाला माहीतच नव्हतं, ते लपून चढलेले. आता बोटीवर लपून चढलेला माणूस मी पाहिलाय. एक असतो, दोन असतात. सोळा जण, आणि त्यांना बोटीवरचे कपडेही मिळालेले, कामालाही लावलेलं, आणि कप्तानाला पत्ता नाही? माझ्या बोटीवर असं झालं असतं तर चीफ मेटचं काय झालं असतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मार्च १८६४ मध्ये कॉर्कच्या न्यायालयात सहा जणांवर खटला चालला, त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि जामिनावर समज देऊन सोडलं. म्हणजे शिक्षेच्या दारात उभी राहिली ती चढणारी पोरं, चढवणारा कोणी नाही. बोटीच्या धंद्यात हे आजही असंच आहे.

यात विन्स्लोची चूक काय झाली? सही बंदरातच घेतली किंवा घेतल्यासारखी दिसली. तीच गोष्ट बाहेर जाऊन केली असती तर?

तसं एक प्रकरण १८६४ च्या सुरवातीला झालं. पॅट्रिक फिनी नावाचा एजंट आयर्लंडमध्ये शंभराच्या वर माणसं गोळा करतो, काम कसलं तर रेल्वे वगैरेचं, बॉस्टनकडे, तिकीट फुकट. मार्चमध्ये ती नोव्हा स्कोशियन नावाच्या बोटीनं मेन राज्यातल्या पोर्टलंडला उतरली. तिथं दारू तयार होती. सातेक जण तिथल्या तिथं २० व्या मेन पलटणीत गेले. उरलेले पुढं बॉस्टनजवळ पोचले तर रेल्वेही नाही, कामही नाही, थंडी, धड जेवायची सोय नाही, आणि अशात भरतीवाले येऊन उभे. बरेच जण २८ व्या मॅसॅच्युसेट्समध्ये गेले, ती आयरिश पलटण होती. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड लायन्स यांनी तक्रार केली, कागद फिरले, निघालं काहीच नाही. कारण आयर्लंडमध्ये सही झाली होती ती मजुरीच्या करारावर, आणि फौजेची सही झाली अमेरिकेत, "स्वखुशीनं". कायद्यानं दोन्ही सह्या स्वच्छ. मधला महिना मात्र कोणी बघायचा?

हे वाचताना मला आमच्याच भागातला एक पोरगा आठवतो. बोटीवर कुकची नोकरी म्हणून एजंटनं तीन लाख घेतले, इथं एक कॉन्ट्रॅक्ट दाखवलं, परदेशात उतरल्यावर दुसरंच पुढं केलं, बोट वेगळी, पगार निम्मा, आणि पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात. त्यानं सही केली. "नाय करून काय करणार होतो काका," एवढंच म्हणाला. मागे रशिया-युक्रेनच्या युद्धात आपली काही पोरं मदतनिसाची नोकरी म्हणून गेली आणि फौजेत अडकली तेव्हाही मी बातमीत पहिलं हेच शोधत होतो, कुठल्या भाषेतल्या कागदावर सही, आणि कुठं.

जर्मनांचं प्रकरण मात्र वेगळं, जास्त शिस्तीचं, म्हणून जास्त बोचणारं. मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाने चालू राहायला हवे होते आणि कोटाही भरायला हवा होता. गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांच्या राज्यात बॉस्टनच्या काही धनिकांनी भांडवल गोळा केलं, एजंट हॅम्बुर्गकडे पाठवला, आणि तिकडून करार करून माणसं आणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये असे साधारण ९०० जण आले. राज्याची बाउंटी होती ३२५ डॉलर, केंद्राची वेगळी, आणि आणलेल्या माणसाच्या पदरात ठरलेली थोडकी रक्कम, मधला फरक भांडवल घालणाऱ्यांकडे. कोणी म्हणाले आम्हाला फौजेचं माहीत होतं, कोणी म्हणाले आम्ही कामाला म्हणून आलो. दोन्ही खरं असणार, एकाच बोटीतल्या दोन माणसांना दलालानं एकच गोष्ट सांगितली असेल असं मला तरी वाटत नाही. ही मंडळी २० व्या, ३५ व्या अशा पलटणींत वाटली गेली आणि १८६४ च्या मेमध्ये व्हर्जिनियातल्या सगळ्यात भीषण लढायांच्या तोंडावर किंवा मध्यात जाऊन पोचली. इंग्रजी कळत नाही. हुकूम इंग्रजीत. बाजूचा जुना सैनिक त्यांना शिव्या घालतोय की यांच्यामुळे आपण मरणार. दक्षिणेनं "हेसियन" म्हणून शिवी दिली, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजानं जर्मन संस्थानिकांकडून भाड्यानं आणलेल्या शिपायांवरून. तुमच्या वाचण्यात आलेला "भाडोत्री" शब्द फिरून फिरून इथूनच आलाय. पण प्रमाण बघा, पावणेदोन लाख जर्मनांत हे नऊशे.

आणि हे चालू असतानाच ४ जुलै १८६४ ला स्थलांतराला उत्तेजन देणारा कायदा झाला. त्यात तिकिटाचे पैसे मालकानं आगाऊ द्यायचे आणि मजुरानं बारा महिन्यांपर्यंतच्या मजुरीतून फेडायचे, असा करार कायदेशीर. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना हे कलम समजावून सांगायला नको. त्याच कायद्यात असंही लिहिलं की नव्यानं आलेल्याला या युद्धापुरतं सक्तीनं फौजेत घेणार नाही, जोवर तो स्वतःहून आपलं जुनं नागरिकत्व सोडून इथला व्हायचा इरादा जाहीर करत नाही. सक्ती नाही म्हणजे काय, डोक्यावर उचल, खिसा रिकामा, आणि समोर बाउंटी. कायदा १८६८ मध्ये रद्द झाला.

आता दक्षिण. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत, त्यामुळे परदेशातून पलटणीच्या पलटणी आणायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनी उलटं केलं, उत्तरेची भरती आयर्लंडमध्येच तोडायला माणसं पाठवली. त्यांचे परराष्ट्रमंत्री जूडा बेंजामिन यांनी १८६३ मध्ये फादर जॉन बॅनन यांना डब्लिनला धाडलं. हे मिसूरीच्या पलटणींबरोबर फिरलेले पाद्री, दक्षिणेचं व्हिक्सबर्ग शहर उत्तरेच्या हाती पडलं तेव्हा तिथंच होते. त्यांनी पत्रकं छापली, गावोगावच्या पाद्र्यांना पाठवली, क्वीन्सटाउनच्या खानावळींत बोटीची वाट बघत बसलेल्या पोरांना गाठून सांगितलं की तिकडं कॅथलिकांवर हल्ले झालेत, तुम्हाला तोफेच्या तोंडी देणार आहेत. फ्रेडरिक्सबर्गला १३ डिसेंबर १८६२ ला उत्तरेच्या फौजेतली आयरिश ब्रिगेड कशी कापली गेली ते आयर्लंडमध्ये माहीत झालेलंच होतं, त्यामुळे लोकांनी ऐकून घेतलं. पण बोटी भरून जातच राहिल्या. उपाशी माणसाला पत्रक किती थांबवणार. बॅनन पुढं जेसुइट झाले आणि आयर्लंडमध्येच राहिले.

पण खरी मेख पुढं आहे, आणि उत्तरेवर "भाडोत्री" म्हणून बोट दाखवणारे ही नेहमी विसरतात. परदेशी माणसांची थेट, उघड, पगार ठरवून भरती कोणी केली असेल तर ती दक्षिणेच्या आरमारानं.

अलाबामा ही त्यांची युद्धनौका घ्या. लिव्हरपूलसमोर बर्कनहेडला लेअर्ड यांच्या गोदीत बांधली, दक्षिणेचे एजंट जेम्स बुलक यांनी. २९ जुलै १८६२ ला चाचणीच्या नावाखाली निघाली ती परत आलीच नाही. अझोर्स बेटांजवळ तोफा चढवल्या आणि २४ ऑगस्टला किनाऱ्यापासून पुरेसं बाहेर जाऊन कप्तान राफेल सेम्स यांनी सगळ्यांना डेकवर बोलावलं, झेंडा चढवला, आणि सांगितलं: दुप्पट पगार, सोन्यात, वर लुटीतला वाटा. ऐंशीच्या वर खलाशांनी सही केली, बहुतेक ब्रिटिश. जागा बघा, खुला समुद्र. १८१९ च्या कायद्यातलं भरती करणाऱ्यावरचं कलम तिथं पोचतच नाही. आर्टिकल्सवर सह्या घेणारा माणूस म्हणून सांगतो, इतकी विचार करून निवडलेली जागा मी दुसरी पाहिली नाही. अर्ध्या खलाशांना दक्षिण कुठं आहे हेही सांगता आलं नसतं.

आपल्याकडे या युद्धाची गोष्ट निघाली की कापूस, खानदेश-वऱ्हाडचे चढलेले भाव, प्रेमचंद रायचंद आणि १८६५ ला फुटलेला शेअरचा फुगा इथंच थांबते. पण अलाबामा आपल्या समुद्रातही आलेली. मलाक्काकडून सिलोनला वळसा घालून ती मलबार किनाऱ्यावर आली आणि १४ जानेवारी १८६४ ला तिनं मुंबईहून रिकामी निघालेली एमा जेन नावाची अमेरिकन बोट जाळली आणि कैदी केरळातल्या अंजुतेंगूला उतरवले. पाच महिन्यांनी, १९ जून १८६४ ला, फ्रान्सच्या शेर्बूरसमोर तिला बुडवणारी बोट कुठली? कीअरसार्ज, तीच विन्स्लोची, सोळा पोरांवाली.

शेनंडोआ ही दक्षिणेची दुसरी युद्धनौका तर याहून पुढची. लंडनहून सी किंग नावानं निघाली, माडेरापाशी झेंडा बदलला, पण तिथं सेम्ससारखं जमलं नाही, बहुतेक खलाशी सही करायला नाही म्हणाले आणि बोट कमी माणसांवर चालवावी लागली. जानेवारी १८६५ मध्ये मेलबर्नला आली. तिथल्या पोलिसांना कळलं की आत माणसं लपवलीत, झडती मागितली, कप्तान वाडेल यांनी युद्धनौका म्हणून नकार दिला. १८ फेब्रुवारीला बाहेर पडली, आणि हद्द ओलांडल्यावर इकडून तिकडून, टाक्यांतून, कपाटांतून ४२ "लपलेले" बाहेर आले. लागलीच सह्या. विन्स्लोचे सोळा, यांचे बेचाळीस!

याचा हिशोब मात्र झाला. १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादानं ब्रिटननं अमेरिकेला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात द्यावेत असं ठरवलं. त्यात शेनंडोआपुरता निकाल असा की मेलबर्न सोडेपर्यंतच्या कृत्यांना ब्रिटन जबाबदार नाही, मेलबर्ननंतरच्या कृत्यांना जबाबदार, कारण ब्रिटिश बंदरात तिची माणसं वाढू दिली. अख्ख्या बोटीच्या प्रवासाचे दोन भाग केले ते त्या ४२ सह्यांवर. ब्रिटननं कायदाही १८७० मध्ये नवा, कडक करून घेतला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कागदावरून कळतं का. थोडंफार कळतं, पण एका कागदावरून कधीच नाही.

मस्टर रोलवर, म्हणजे पलटणीतल्या सैनिकांच्या नोंदयादीवर, जन्मस्थान असतं, वय, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग असतो. नागरिकत्व नसतं. "आयर्लंड" वाचून उडी मारू नका. भरतीचा दिनांक आणि जागा बघा, मग त्याच नावाचा माणूस प्रवासी यादीत सापडतो का बघा. नाव जुळलं म्हणून खूष होऊ नका, जॉन मर्फी पैशाला पासरी. वय आणि धंदा जुळायला हवा, आणि वय तर भरतीला हमखास खोटं सांगितलेलं. उतरल्याचा दिनांक आणि भरतीचा दिनांक यांत दोनचार दिवसांचं अंतर असेल तर संशयाला जागा आहे, त्याहून जास्त नाही, कारण कॅसल गार्डनबाहेर आपणहून गेलेलेही तितक्याच दिवसांत गेले. एकाच बोटीतले दहावीस जण एकाच दिवशी एकाच पलटणीत, आणि सगळ्यांचं क्रेडिट एकाच गावाच्या कोट्यात, असं दिसलं की मात्र मागं दलाल आहे हे मी डोळे मिटून सांगेन. बदली असेल तर कोणाच्या जागी आला ते बहुतेक नोंदलेलं असतं.

ब्रिटिश कॉन्सलकडच्या तक्रारी हा दुसरा साठा. मी ब्रिटिश प्रजाजन आहे, मला फसवून किंवा पाजून घातलं, मला सोडवा, अशी कितीतरी पत्रं. ती वाचताना एक सांभाळा, त्यातले सगळे खरं बोलत नाहीत. बाउंटी घेऊन झाल्यावर ब्रिटिश प्रजाजन असल्याचं अचानक आठवलेलेही त्यात आहेत, आधी मतदान करून बसलेलेही आहेत.

सगळ्यात चांगला कागद पेन्शनचा. माणूस जगला तर म्हातारपणी पेन्शनसाठी शपथेवर सांगतो की मी कधी आलो, कुठं उतरलो, कोणी नेलं, आणि तेव्हा त्याला कोणाला वाचवायचं नसतं. मेला असेल तर त्याची आई आयर्लंडमधून अर्ज करते आणि मुलगा पैसे पाठवत होता हे सिद्ध करायला त्याचीच पत्रं जोडते. ती पत्रं परत मिळत नसत, म्हणून ती अजून फायलीत आहेत. तुमच्याकडे नाव आणि पलटण असेल तर पेन्शनच्या इंडेक्सपासून सुरू करा, मस्टर रोल नंतर बघा.